सरासरीत हरवलेलं गाव

ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो या गावाजवळ व्हाले नावाच्या कंपनीची लोखंडाची खाण होती. खनिज धुऊन झाल्यावर उरणारा ओला गाळ अडवण्यासाठी तिथे ८६ मीटर उंचीचा बांध उभा होता. २५ जानेवारी २०१९च्या दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, तो फुटला. बांधाच्या खालच्याच अंगाला कंपनीचं कार्यालय आणि कामगारांचं उपाहारगृह होतं, आणि जेवणाची वेळ होती. त्या गाळानं २७० माणसांचा जीव घेतला.

तीन वर्षांनी, २०२२ साली, अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं व्हालेवर दावा लावला. त्यात बोट ठेवलं गेलं ते कंपनीच्या शाश्वतता अहवालांवर. आमच्या शंभर टक्के बांधांच्या स्थैर्याची प्रमाणपत्रं झालेली आहेत, अशा अर्थाचा दिलासा त्या अहवालांनी गुंतवणूकदारांना दिला होता. मार्च २०२३मध्ये कंपनीनं ५ कोटी ५९ लाख डॉलर भरून हा दावा मिटवला. फुटलेल्या बांधालाही प्रमाणपत्र होतं. म्हणजे शंभर टक्क्यांची बेरीज कागदोपत्री जुळत होती. मोजली गेली होती ती प्रमाणपत्रं. बांध किती भिजला आहे, तो फुटला तर गाळ कुठवर येईल आणि त्या वाटेवर कोण जेवायला बसलेलं असेल, हे त्या टक्केवारीत मावणारं नव्हतं.

अशा अहवालांविषयीचं हे पुस्तक आहे. खाणी खोदणाऱ्या आणि तेल-वायू उपसणाऱ्या कंपन्या दर वर्षी ताळेबंदाबरोबर आणखी एक जाडजूड दस्तऐवज प्रसिद्ध करतात. किती पाणी घेतलं, किती सोडलं, किती धूर हवेत गेला, किती माणसं जखमी झाली, किती दगावली, आसपासच्या गावांसाठी काय केलं, याचा तो हिशेब. भारतात बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमानं २०२२-२३पासून तो द्यावाच लागतो. हे अहवाल वाचतात ते गुंतवणूक संस्थांमधले विश्लेषक, सल्लागार आणि स्पर्धक कंपन्या. ज्यांच्या जमिनीबद्दल आणि पाण्याबद्दल ते लिहिलेले असतात, त्यांच्या हाती ते क्वचितच पडतात.

माझं लहानपण वणी-घुग्गुस पट्ट्यातल्या एका गावात गेलं. कोळशाच्या ट्रकांचा रस्ता आमच्या वावराला लागून होता. फुटलेल्या बोंडावर काळी पूड बसलेली असायची. आजी कापूस झटकून झटकून ओटीत टाकायची, तरी विकायला नेला की व्यापारी तो चिमटीत धरून उजेडात बघायचा आणि भाव पाडायचा. दुपारी सुरुंग उडाला की फडताळातली भांडी वाजत. विहिरीचा दोर काही वर्षांनी लांब करावा लागे, आणि हे कशानं होतं ते गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. पुढे पुष्कळ वर्षांनी एका खाण कंपनीचा अहवाल माझ्या हाती आला. त्यात पाण्याच्या उपशाचा आकडा होता: सगळ्या खाणींचा मिळून एकच, दशांश चिन्हासकट. मी तो बराच वेळ बघत राहिलो. अशाच एखाद्या आकड्यात आमच्या विहिरीचं पाणी मिसळून गेलेलं असणार, आणि ते आता वेगळं काढता येणार नव्हतं.

त्या दिवशी या पुस्तकाला सुरुवात झाली, असं म्हणता येईल. मला जे सांगायचं आहे ते एवढंच: खाण एका जागी असते, विहीर एका जागी असते, बांध एका जागी असतो, म्हणून हिशेबही त्या त्या जागेचा हवा. कंपनीभराची सरासरी काढली की गाव त्यात हरवतं.

आता शब्दाविषयी थोडं. १९८७ साली नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास, अशी कल्पना जगापुढे मांडली. मराठीत त्याला आपण ‘शाश्वत’ म्हणू लागलो. शेतीला हा शब्द शोभतो. उसाचा खोडवा पुन्हा फुटतो. मासेमारी बेतानं केली तर मासा पुन्हा येतो. लोखंडाचा दगड जहाजात चढला की परत उगवत नाही, आणि जाळलेलं तेल परत मिळत नाही. त्यामुळे कुठलीही खाण शाश्वत असूच शकत नाही. तिच्या मागे उरणारं पाणी, माती, माणसांची फुप्फुसं आणि खनिजाचा आलेला पैसा, एवढंच टिकवता येण्यासारखं असतं. म्हणून खाणीच्या अहवालात मी सर्वांत आधी खाण बंद करण्याचं पान शोधतो: खड्डा किती मोठा होणार, तो भरणार की त्यात पाणी साठू देणार, त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे आणि ती कोणत्या वर्षी लागणार. हे पान पातळ असेल तर बाकीची पानं कितीही रंगीत असली तरी मला ती वाचवत नाहीत.

या अहवालांचा जन्म कंपन्यांच्या उत्साहातून झालेला नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या काही गुंतवणूकदारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी मिळून सेरेस ही संस्था उभी केली. कंपन्यांसाठी त्यांनी जी तत्त्वं लिहिली, त्यांना आधी त्या जहाजाचंच नाव होतं. आपली तपासणी आपण दर वर्षी करावी आणि ती लोकांपुढे ठेवावी, हे त्यांतलं एक तत्त्व. या संस्थेच्या पुढाकारानं १९९७ साली बॉस्टनमध्ये ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह म्हणजे जीआरआय सुरू झालं. आज जगभरच्या कंपन्या ज्या नमुन्यांत अहवाल लिहितात, त्यांतला सर्वांत जुना आणि पसरलेला नमुना जीआरआयचा आहे.

शेलची गोष्ट याहून बोधक आहे. १९९५ हे वर्ष त्या कंपनीला फार जड गेलं. उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार ही तेल साठवायची तरंगती टाकी खोल समुद्रात बुडवायचा तिचा बेत होता. ग्रीनपीसचे कार्यकर्ते टाकीवर चढून बसले, जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर पेट्रोल भरणं थांबवलं, आणि कंपनीनं बेत सोडला. (टाकीत किती तेल उरलं आहे याचा ग्रीनपीसनं सांगितलेला आकडा चुकीचा निघाला. त्यांनी तो चुकल्याचं कबूल केलं आणि जाहीर माफी मागितली. आकड्यांच्या व्यवहारात असं क्वचित घडतं, म्हणून इथे नोंदवतो.) त्याच वर्षी १० नोव्हेंबरला नायजेरियाच्या लष्करी राजवटीनं लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिली. नायजर नदीच्या मुखाकडल्या ओगोनी लोकांच्या जमिनीत आणि खाड्यांत तेल मुरलं, त्याविरुद्ध हे लोक उभे होते. १९९८ साली शेलनं नफा आणि तत्त्वं या दोन्हींवर बोलणारा आपला पहिला मोठा अहवाल काढला. तेल उद्योगात तो नमुनेदार मानला गेला. तो तसा होताही, कारण कंपनी अडचणीत होती आणि लोक प्रश्न विचारत होते. प्रश्न विचारणारे नसले की या अहवालांची माहितीपत्रकं होतात, हे मी गेली अनेक वर्षं बघतो आहे.

आकडा खरा असूनही तो चुकीच्या गोष्टीचा असू शकतो. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीमधल्या बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. १५ माणसं ठार झाली, सगळी कंत्राटदारांची. धोक्याच्या यंत्राशेजारी उभ्या केलेल्या तात्पुरत्या कचेऱ्यांमध्ये आणि आसपास ती होती. महिनाभरात कामाचा एकही दिवस बुडवणारी दुखापत झाली नाही, म्हणून दिलेलं जेवण आटोपून काही जण नुकतेच परतले होते. जेम्स बेकर यांच्या समितीनं जानेवारी २००७मध्ये या कंपनीच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला. त्यातलं मुख्य निदान असं की पाय घसरणं, बोट चिरडणं, जिन्यावरून पडणं अशा दुखापतींचा कमी होत गेलेला दर बघून कंपनीनं आपली यंत्रं, नळ आणि झडपाही सुरक्षित आहेत असं धरून चाललं होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेक्सास सिटीनंतर पाच वर्षांनी, २० एप्रिल २०१०च्या रात्री, मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ फलाटावर स्फोट होऊन ११ माणसं गेली. सात वर्षं कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतीविना गेल्याचं कौतुक करायला वरिष्ठ अधिकारी त्याच दिवशी फलाटावर आलेले होते.

म्हणून तेल कंपनीच्या अहवालात ‘दुखापतींचा दर’ वाचून थांबू नये. वायुगळती किती वेळा झाली, तेल किंवा रसायन नळातून बाहेर किती वेळा आलं, ही ओळ शोधावी. तिला तंत्रज्ञ ‘प्रोसेस सेफ्टी’ म्हणतात, आणि ती नसेल तर तीच पहिली शंका.

मुंबईच्या वाचकाला यासाठी परदेशात जायची गरज नाही. २६ जुलै २००५चा पाऊस आपल्या सर्वांना आठवतो. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायच्या उत्तर भागात आपल्यावरच्या एका जखमी माणसाला फलाटावर पोचवायला आलेलं जहाज फलाटाच्या नळाला धडकलं. वायू पेटला आणि ओएनजीसीचा तो फलाट दोन तासांच्या आत जळून गेला. २२ माणसं गेली. तीनशेहून अधिक वाचली, हे बचाव करणाऱ्यांचं मोठंच काम. शहर पाण्याखाली होतं, त्यामुळे त्या आगीची आठवण पावसाच्या आठवणीखाली दबून गेली. मग १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही राहण्याची बार्ज त्याच समुद्रात बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. त्यांतली सत्तरहून अधिक परत आली नाहीत. बार्ज एका कंपनीची, भाड्यानं घेतलेली दुसरीनं, आणि काम ओएनजीसीच्या तेलक्षेत्रातलं. मृत्यू कुणाच्या वहीत लिहायचा, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. सेबीच्या आजच्या नमुन्यात दुखापती आणि मृत्यूंच्या रकान्याखाली कंत्राटी माणसं धरून, अशी टीप आहे. छोट्या अक्षरांतली ती टीप त्या सगळ्या तक्त्यात मला सर्वांत मोलाची वाटते.

गोव्याच्या प्रकरणाला मी या पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या चार तालुक्यांत लोखंडाचा दगड वरवरच्या थरांत आहे, आणि तिथेच झरे, कुळागरं आणि भातशेती आहे. एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. त्याचे डंप शेतांच्या वर उभे राहिले. पावसात त्यांची लाल माती वाहून शेतांत आणि नद्यांत गेली. खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, त्यातलं पाणी उपसून ओढ्यात सोडलं गेलं आणि वरच्या वाड्यांचे झरे आटले. चीनची भूक वाढली तसा पूर्वी टाकून दिलेला कमी प्रतीचा मालही विकला जाऊ लागला. २०१०-११च्या सुमाराला वर्षाची निर्यात ५ कोटी टनांच्या पलीकडे गेली. ट्रकांच्या रांगा गावांतून, बार्जींच्या रांगा मांडवी-झुवारीतून.

या खाणी मुळात पोर्तुगीज राजवटीनं दिलेल्या कायमच्या सवलती. १९८७च्या कायद्यानं त्यांचं रूपांतर मुदतीच्या लीजमध्ये झालं. पुढे मिळालेली मुदतवाढ २२ नोव्हेंबर २००७ला संपली. खोदाई मात्र चालूच राहिली. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल २०१२ साली आला. त्यानं बेकायदा खाणकामाचा तोटा ३५,००० कोटी रुपयांच्या घरात धरला, ज्यावर पुढे भरपूर वाद झाला. १० सप्टेंबर २०१२ला राज्य सरकारनं काम थांबवलं. गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की २२ नोव्हेंबर २००७नंतरचं सगळं खाणकाम बेकायदा होतं. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीतला दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकायला सांगितलं. सरकारनं लीजची पुन्हा मुदतवाढ केली. ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयानं त्या ८८ लीजही रद्द ठरवल्या, आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या.

कर्ज काढून ट्रक घेतलेल्या गावकऱ्यांवर या बंदीनं जे आलं, ते मी हलकं लेखत नाही. ट्रक दारात उभा, हप्ता चालू, आणि शेत आधीच मातीखाली गेलेलं. दोन्हीकडून मार खाणारा माणूस तोच.

आता २००७ ते २०१२ या पाच वर्षांकडे अहवालाच्या नजरेनं बघा. रस्त्यावर किती पाणी शिंपडलं, डंपवर किती रोपं लावली, शाळांना काय दिलं, हे सगळं खरं असू शकतं आणि खरं म्हणून छापता येतं. लीजची मुदत कुठल्या तारखेला संपली, हा एका ओळीचा मजकूर आहे. प्रत्येक लीजपुढे तिचा क्रमांक, क्षेत्र, मुदत, परवानगीचं प्रमाण आणि प्रत्यक्ष काढलेले टन एवढे पाच रकाने दर वर्षी छापले गेले असते, तर न्यायालयाला २०१४ साली जे सांगावं लागलं ते कुठल्याही पंचायतीला २००८मध्ये दिसलं असतं. गोव्याच्या लढ्यानं आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती मला अगदी मोलाची वाटते: खनिज ही वाडवडिलांकडून आलेली इस्टेट आहे. ती विकून आलेला पैसा ‘उत्पन्न’ म्हणून खर्च करणं म्हणजे घराण्याची जमीन विकून सण साजरे करणं. आजच्या अहवालांत टनांचा आकडा ‘उत्पादन’ या मथळ्याखाली अभिमानानं येतो. जे कमी झालं त्याचा रकाना तिथे नसतो.

इथे दोन प्रकारच्या पैशांचा गोंधळ सोडवायला हवा, कारण तो फार पसरला आहे. नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणं हे २०१३च्या कंपनी कायद्याचं बंधन. जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम देणं हे २०१५च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीचं बंधन: जुन्या लीजना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावानं मिळालेल्यांना १० टक्के. दुसरी रक्कम ही खाणीनं बाधित झालेल्यांचा हक्क आहे. अहवालात दोन्ही एकाच पानावर दप्तरं वाटल्याच्या छायाचित्राशेजारी आल्या, तर वाचकानं त्या मनात तरी वेगळ्या कराव्यात.

आकड्यांची आणखी एक मेख सांगतो, कारण ती खाण आणि तेल याच धंद्यांत सर्वांत जास्त फसवते. धूर, पाणी, वीज यांचं प्रमाण अहवालांत उलाढालीच्या रुपयामागे दिलेलं असतं. कापडगिरणीसाठी हे ठीक चालतं. एखादी कंपनी दर वर्षी तेवढीच पिंपं कच्चं तेल काढते आणि तेवढाच धूर सोडते असं धरा. भारत विकत घेतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी दर २०२०-२१मध्ये पिंपाला ४५ डॉलरच्या आसपास होता, २०२२-२३मध्ये ९३च्या आसपास. उलाढाल दुप्पट झाली, म्हणून रुपयामागचा धूर निम्मा दिसू लागला. चिमणीला यातलं काही माहीत नाही. सेबीच्या नमुन्यात मालाच्या प्रत्यक्ष एककामागचं प्रमाण द्यायलाही जागा आहे, टनामागे किंवा पिंपामागे. तीच ओळ वाचावी. आणि खाणीच्या बाबतीत त्यापुढेही एक पायरी आहे: खनिजाची प्रत उतरत जाते तसा एक टन मालासाठी जास्त दगड उकरावा लागतो, जास्त डिझेल आणि जास्त पाणी लागतं. एकूण किती दगड-माती हलवली, हा आकडा ज्या अहवालात आहे तो लिहिणारा माणूस खाणीत उतरलेला असतो.

तेलाबाबत सर्वांत मोठा वाद जळणाऱ्या तेलाचा आहे. कंपनीच्या स्वतःच्या नळ-चिमण्यांतून निघणारा कार्बन हा एकूण हिशेबाचा लहान भाग. बहुतांश कार्बन निघतो तो विकलेलं तेल ग्राहकानं जाळल्यावर. त्याला ‘स्कोप ३’ म्हणतात. मे २०२१मध्ये हेगच्या न्यायालयानं शेलला २०३०पर्यंत या सगळ्यासकट उत्सर्जन २०१९च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२४मध्ये अपील न्यायालयानं तो आकडा रद्द केला, पण हवामानाबाबत कंपनीवर जबाबदारी आहे हे मान्य ठेवलं. त्याचा तपशील पुढे स्वतंत्र प्रकरणात आहे.

जागेनुसार हिशेब द्या म्हटलं की ‘एवढ्या ठिकाणांचा तपशील देणं व्यवहार्य नाही’ असं उत्तर मिळतं. ब्रुमाजिन्योनंतर काय झालं ते पाहा. चर्च ऑफ इंग्लंडच्या निवृत्तिवेतन मंडळानं आणि स्वीडनच्या सार्वजनिक पेन्शन निधींच्या नीती परिषदेनं शेकडो खाण कंपन्यांना पत्रं लिहिली: तुमचा प्रत्येक गाळ-बांध कुठे आहे, किती उंच आहे, कसा बांधला आहे, शेवटची तपासणी कधी झाली, त्याच्या स्थैर्याबद्दल कधी शंका निघाली होती का, हे कळवा. वर्ष उलटायच्या आत दीड हजारांहून अधिक बांधांची माहिती सर्वांसाठी खुली झाली. पैसे ज्यांचे होते त्यांनी विचारलं, म्हणून व्यवहार्य झालं. जीआरआयनं २०२४मध्ये खाणींसाठी वेगळं मानक काढलं. त्यातही खाणीखाणीगणिक माहिती मागितलेली आहे. आपल्या सेबीच्या नमुन्यात पाणीटंचाईच्या भागातल्या प्रत्येक प्रकल्पाचा पाण्याचा हिशेब विचारलेला आहे, पण ऐच्छिक भागात. तो सक्तीच्या भागात यायला हवा, आणि खाणींसाठी सर्वांत आधी.

भाषेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. खाणीला मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी होते, तेव्हा पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेतच तसं आहे. खाण एकदा सुरू झाली की पुढची तीस वर्षं दर साल निघणारा अहवाल इंग्रजीत असतो. संमती मराठीत विचारायची आणि हिशेब इंग्रजीत द्यायचा, हे मला मान्य नाही. आपल्या गावांत जत्रेचा जमाखर्च फळ्यावर लिहून देवळाबाहेर टांगतात. वर्गणी देणारा शेवटचा माणूस येऊन तो वाचतो आणि मंडपवाल्याला इतके कसे दिले म्हणून विचारतो. खाणीच्या तोंडाशी असा एक फळा लावायला किती खर्च येईल?

या अहवालांसाठी कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. पर्यावरण विभागातली ही मंडळी बहुतेक वेळा तरुण असतात. मार्च ते जून या काळात वेगवेगळ्या खाणींतून वह्या, मीटरचे आकडे, दवाखान्याच्या नोंदी गोळा करत फिरतात. नागपूरला, जिथे इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आणि कोळशाच्या व मँगनीजच्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं आहेत, अशा काही जणांशी माझं बोलणं झालं. खरी माहिती बहुतेक वेळा त्यांच्या टेबलावर जागेनुसारच पडलेली असते. वर जाताना तिची बेरीज होते. वाईट आकडा जसाच्या तसा छापून त्याचं कारण सांगणारे अहवालही मी वाचले आहेत. असा अहवाल दिसला की वाचकानं त्या कंपनीला दाद द्यावी. दोष कबूल केल्याबद्दल झोडपलं, तर पुढच्या वर्षी ती ओळ गाळली जाईल.

पुढच्या प्रकरणांत तक्ते कसे वाचायचे, कुठल्या दोन कागदांची तुलना करायची, कुठे प्रश्न विचारायचा, हे सविस्तर सांगितलं आहे. पण पुस्तक संपेपर्यंत थांबू नका. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक खाणीला आणि प्रकल्पाला घातलेल्या अटींचं पालन कसं चाललं आहे याचा सहामाही अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो त्या एका जागेचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, आणि अर्ज करणाऱ्या कुणालाही त्याची प्रत द्यावी, असं तीच २००६ची अधिसूचना सांगते. या दोन तारखा वहीत लिहून ठेवा. आपल्या तालुक्यातल्या एका खाणीचा तो अहवाल मागवा, कंपनीच्या वार्षिक शाश्वतता अहवालाशेजारी ठेवा, आणि पाण्याचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवा. ग्रामसभेत, विहिरीचा दोर ज्यांनी लांब केला आहे त्यांच्यासमोर.